"मॅडम, माझी सही मागतोय तो"

ठाण्याला नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली दोन-अडीच वर्षं एक प्रश्न सारखा यायला लागलाय, पोरगा (किंवा पोरगी) चांगली नोकरी सोडून एआयची कंपनी काढायची म्हणतोय, आम्ही काय करायचं? आधी हेच अमेरिकेला जाण्याबद्दल असायचं, त्याच्या आधी नाटकाबद्दल. त्यातली एक केस सांगते. दोघांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका एकटेच आले. वय ६७, राहायला कळव्याला, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स फिटर होते. बसले आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, माझी सही मागतोय तो." मला वाटलं प्रॉपर्टीचं भांडण असेल. तसं नव्हतं. मुलगा तिशीचा, एम.टेक., ऐरोलीला आयटीत, पगार बरा. एम.टेक.ला त्याने मशीनचं व्हायब्रेशन आणि आवाज यावरून बेअरिंग कधी जाणार हे आधीच सांगणाऱ्या एआय मॉडेलवर काम केलेलं आणि आता त्याचीच कंपनी काढायची होती. प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी २ डायरेक्टर लागतात, मित्र ऐनवेळी मागे सरला, मग दुसरे डायरेक्टर बाबा. पॅन, आधार आणि सही, "फक्त नावाला". वर राहत्या घरावर लोन.

पहिल्या दिवशी मी चुकले हे सरळ कबूल करते. आता जग बदललंय काका, ही पिढी रिस्क घेते, वगैरे जे आम्ही लोक बोलतो ते मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, छत्री उचलली आणि गेले. परत आले ते काकूंनी पाठवलं म्हणून, आणि यावेळी मुलाला घेऊन.

मुलगा लॅपटॉप उघडूनच बसला. डीपमाइंड ही एआय कंपनी २०१० ला लंडनमध्ये निघाली, २०१४ मध्ये गूगलने घेतली, म्हणजे बघा मॅडम फक्त ४ वर्षं. ("ती लंडनला, आपण कळव्याला," इति काका.) मग म्हणे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनला १०,००० कोटींच्या वर मंजूर केलेत, जीपीयू, म्हणजे एआयला लागणाऱ्या चिप, स्वस्तात मिळतात. काका म्हणाले, "मशीन सरकार देईल रे, गिऱ्हाईक पण सरकार देणार का?" मी मध्ये पडून विचारलं, तुला स्वतःला जीपीयू किती लागतात? तर जरा ओशाळला, म्हणाला माझं मॉडेल छोटंय, घरच्या ग्राफिक्स कार्डवर ट्रेन होतं. मग हे सगळं का सांगत होतास? "सगळे सांगतात म्हणून." या विषयावर येणाऱ्या पोरांचं निम्मं बोलणं असं दुसऱ्यांचं असतं, ते उतरवल्याशिवाय त्याचं स्वतःचं काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे हा वेळ वाया गेला असं मी धरत नाही.

मग दोघांना एकच गोष्ट विचारली. कंपनी बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल?

मुलगा लगेच म्हणाला, काय होणार, रेझ्युमे अपडेट करीन. सेव्हिंग ६ लाख, महिन्याचा खर्च ४२ हजार, जेमतेम १४ महिने निघतात, त्याच्या आत नाही जमलं तर परत नोकरी.

काका बराच वेळ गप्प. मग सांगायला लागले ते २००३ चं. फर्स्ट शिफ्टला गेले तर गेटला टाळं, वॉचमन पण नवीन, ओळख न देणारा. लॉकरमध्ये डबा आणि पान्यांचा सेट राहिलेला तो राहिलाच. ग्रॅच्युइटीसाठी सहा वर्षं कोर्टाच्या चकरा, सोसायटीचं कर्ज, मग कंत्राटावर मिळेल तिथे काम. मुलगा बघतच राहिला. त्या वर्षाची त्याची आठवण वेगळीच होती, बाबा घरी असायचे आणि रोज संध्याकाळी ठाण्याला तलावपाळीला घेऊन यायचे, त्याच्या लेखी ते सगळ्यात मस्त वर्ष. काका म्हणाले, "घरात बसलं की तुझी आई रडायची. म्हणून फेऱ्या मारायचो तलावाला. आइस्क्रीम मागितलंस की दात किडतील सांगायचो."

त्यानंतर पाचेक मिनिटं कोणी काही बोललं नाही, मी पण नाही.

"कंपनी बंद पडली तर" हे वाक्य घरात महिनाभर दोघं एकमेकांवर फेकत होते आणि शब्द तोच असला तरी एकाला त्यात गेटचं टाळं दिसत होतं, दुसऱ्याला रेझ्युमे. आईवडील घाबरट आणि मुलं बेफिकीर असं जे आपण पटकन म्हणून टाकतो (मीही टाकलं होतं), ते इथे दोन्हीकडून खोटं होतं.

पण म्हणून काकांची भीती फक्त जुन्या जखमेची होती असंही नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय कारण आमच्या धंद्यात सगळं भावनांवर ढकलायची सवय असते. मी काही सीए नाही, म्हणून त्यांना गोखले रोडच्या एका सीएकडे पाठवलं. तिथे कळलं की प्रायव्हेट लिमिटेड बुडाली तर एरवी डायरेक्टरच्या घरावर टाच येत नाही हे खरं, पण बँकेला घर गहाण दिलं किंवा पर्सनल गॅरंटी लिहून दिली की ते संरक्षण गेलंच समजा. आणि "नावाला" डायरेक्टर असं कायद्यात काही नसतं, सलग ३ वर्षं कंपनीचे हिशेब भरले नाहीत तर तो माणूस ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो, मग तो नावाला असो नाहीतर गावाला. एकट्याला काढायची असेल तर वन पर्सन कंपनी आहे, वारसदार म्हणून एक नॉमिनी द्यायचा. शिवाय मुलाच्या नोकरीच्या करारात एक कलम निघालं, नोकरीत असताना केलेलं काम कंपनीचं, आणि हा पठ्ठ्या ऑफिसच्याच लॅपटॉपवर रात्री कोड लिहीत होता! काकांनी फक्त भुवया वर केल्या.

खरी मजा पुढच्या वेळी आली. मुलगा म्हणाला मॉडेल ९९ टक्के अचूक आहे. काकांनी विचारलं, कुठल्या मशीनवर? तर डेटा होता अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा, जगभर या विषयात तो खूप वापरतात, २ हॉर्सपॉवरची मोटर आणि बेअरिंगमध्ये मुद्दाम पाडलेली बारीक खोट. काका खुर्चीत पुढे सरकले. "मुद्दाम पाडलेली खोट आणि ग्रीस न घातल्यामुळे मेलेलं बेअरिंग, आवाज एकच येतो होय? आणि बाजूला कॉम्प्रेसर चालू असतो त्याचं काय?" ते स्वतः स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे, हे अजून आठ दिवस काढेल. मुलगा लॅपटॉप मिटून ऐकत होता. घरात दोन माणसं एकच काम करणारी आणि तीस वर्षांत त्यावर एकदाही बोलणं नाही, यावर मी काय समुपदेशन करणार?

रोज कुठलीतरी मोठी कंपनी नवीन मॉडेल काढते, आपलं काम एका रात्रीत फुकट जाईल, ही मुलाची भीती मात्र खरी होती, झोप उडालेली त्याची. ती मी बोलून घालवू शकले नाही. ती थोडी उतरली ती रबाळ्याला. काकांच्या जुन्या सोबत्याचं तिथे एमआयडीसीत छोटं युनिट आहे. नोकरी न सोडता, स्वतःच्या लॅपटॉपवर, दर शनिवारी दोघं ट्रान्स हार्बर लोकलने जायला लागले, पंपावर मॅग्नेटने सेन्सर चिकटवला. पहिल्या शनिवारी शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला की मॉडेल बोंबलायचं, बेअरिंग गेलं, बेअरिंग गेलं. काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला, म्हणाले ठणठणीत आहे. आता काका वहीत तारीख, वेळ, पंप नंबर आणि आवाज कसा ते लिहितात, खरखर, शिट्टी, टकटक. मुलगा म्हणतो या वहीतला डेटा पैसे देऊनही कुठे मिळत नाही. रबाळ्याच्या पंपाचा आवाज लंडनवाल्यांकडे पण नाही.

घरावर लोन काढलं नाही. कंपनी अजून काढलेली नाही, युनिटच्या मालकाने महिना ३ हजार द्यायचं कबूल केलंय, दिले की बघू म्हणतात. मुलाने जिथे एम.टेक. केलं त्या संस्थेत त्या कामाचा हक्क कोणाचा हे पण विचारून झालेलं नाही, मी दर वेळी आठवण करते.

परवा काका परत एकटेच आले, बसले पण नाहीत. "मॅडम, डायरेक्टर तर मी होणार नाही. पण त्या वहीचा पगार मागू का त्याच्याकडे?"

मागा की, म्हटलं. आणि लेखी घ्या.