आधी झेड, मग डार्क मॅटर

भावा, सर्न या युरोपातल्या कण-प्रयोगशाळेचा ओपन डेटा (सगळ्यांना खुला केलेला टकरींचा डेटा) उतरवलास, नाद खुळा! पण लगेच डार्क मॅटर (न दिसणारं, अजून न उलगडलेलं द्रव्य) हुडकायला बसू नकोस.

- आधी म्यूऑनांच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांच्या) जोडीचं एकत्रित वस्तुमान काढ. आलेखात ९१ जीईव्हीजवळ (जीईव्ही म्हणजे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) झेड बोसॉन या ओळखीच्या कणाचा उंचवटा आला की कोड बरोबर. माझा पहिल्यांदा ९१ हजारावर आला होता! फायलीत एमईव्ही (जीईव्हीचा हजारावा भाग) होते, मी जीईव्ही धरले.
- उंचवटा म्हणजे नवा कण नव्हे. २०१५ मध्ये ७५० जीईव्हीला असाच दिसला, २०१६च्या डेटात विरला. पाच सिग्मापर्यंत, म्हणजे योगायोगाची शक्यता नगण्य होईपर्यंत, गप्प.

सर्नच्या टक्करयंत्राच्या (एलएचसी) अपग्रेडनंतर सगळं सोपं होईल, हेही डोक्यातनं काढ. अपग्रेडआधी प्रोटॉनचे दोन गुच्छ एकमेकांतनं जाताना साठेक टकरी होतात, हाय-ल्युमिनॉसिटीत, म्हणजे अपग्रेडनंतर, २०० पर्यंत. जोतिबाच्या यात्रेत गुलालातनं आपला माणूस हुडकायचा, तसलं काम.

अडलास तर रविवारी रंकाळ्यावर लॅपटॉप घेऊन ये.