स्वीडिश लोक बाहेरच्यांशी तुसडे वागतात का? आणि आता तिथे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळणं अवघड झालंय का?

तुसडे वगैरे काही नाही हो, ते एकमेकांशीही तसेच वागतात. जिन्यात कुणाची चाहूल लागली तर शेजारी दाराआडच थांबतो, मग बाहेर कुणीही असो. माणसांचा त्रास नाही, कागदांचा आहे.

गोथेनबर्गला असताना वर्क परमिट वाढवायला टाकलं आणि नकार आला, का तर आधीच्या कंपनीने माझा एक विमा काही महिने काढलाच नव्हता. पगार चोख, टॅक्स चोख, तरी देश सोडा! नियम खरं तर आमच्याच भल्याचा, मालकाने परदेशी माणसाला स्वस्तात राबवू नये म्हणून, पण शिक्षा मालकाला नाही, आम्हाला. अशा खूप केसेस झाल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये वरच्या मायग्रेशन कोर्टाने सांगितलं की सगळं मिळून बघा, एका चुकीवर हाकलू नका.

माझं अपील पडून असतानाच नाशिकला मेव्हण्याचं लग्न निघालं. परमिट कार्ड संपलेलं, बाहेर पडलो तर परत आत येता आलं नसतं, आणि बायकोचं परमिट माझ्यावरच. सख्खी करवली व्हिडिओ कॉलवर! मेव्हणा अजून म्हणतो, "दाजी, सुट्टी मिळाली नाही असं सरळ सांगायचं ना."

वर हाच ग्रुपवर फॉरवर्ड करतो की स्वीडन निर्वासितांनी बुडवलं. २०१५ मध्ये कोटीभर वस्तीच्या देशात १,६३,००० लोकांनी आश्रय मागितला, त्यानंतर राजकारण फिरलं, २०२२ मध्ये स्वीडन डेमोक्रॅट्स या स्थलांतरविरोधी पक्षाच्या टेकूवर सरकार आलं, हे सगळं खरं. पण माझा विमा काय निर्वासितांनी बुडवला?

पीआरचं म्हणाल तर मी होतो तेव्हा चार वर्षं परमिटवर काम केलं की अर्ज करता यायचा. परमिटसाठी आधी महिना १३,००० क्रोनर पगार पुरायचा, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती अट एकदम २७,३६० झाली. नियम भराभर बदलतायत, अर्जाच्या दिवशी सरकारी साइट बघाच. विम्याचे कागद एचआरकडून दरवर्षी मागून घ्या, युनियनमध्ये नाव घाला.

आणि हो, मी आयटीवाला, इंग्रजीवर निभावलं. गोथेनबर्गच्या आंगेरेड उपनगरातल्या सोमाली माणसाला तुसडेपणाचं विचाराल तर तो वेगळंच सांगेल.

लग्नकार्य परमिट संपायच्या आसपास असेल तर घरी आधीच लेखी कळवा. मी मेव्हण्याला नकाराचं पत्र मराठीत करून पाठवलं होतं, त्याने थम्सअप टाकला आणि दिवाळीत पुन्हा तेच सुट्टीचं.