चाकूच्या मुठीवर लांडगा कोरतो, पण कुत्राच दिसतो. कोणती सुई वापरू?

सुई बदलून काहीही होणार नाही. तुम्ही लिहिलंय की उंटाच्या हाडाच्या मुठीवर स्क्रिमशॉ करता, म्हणजे सुईने टिंबं-रेघा कोरून त्यांत शाई भरता, केस न् केस सुटा काढता आणि तरीही समोर जर्मन शेफर्ड उभा राहतो. केसांचा नाद आधी सोडा. लांडगा केसांत नसतो, कवटीत असतो. "केस जमले की लांडगा जमला" असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि तुमचा प्रश्न वाचून तो पुन्हा उफाळून आला.

माझ्यासमोर आत्ता अशीच एक मूठ आहे. हाडाची पट्टी 90 बाय 22 मिलिमीटर, त्यावर 18 मिलिमीटरचं डोकं. टिंबांचं काम इतकं स्वच्छ आहे की हात लावायची छाती होत नाही. पण आहे तो पाळीव कुत्रा, कारण डोळा चुकलाय. कवटीच्या माथ्याच्या रेषेशी डोळ्याच्या खोबणीची रेषा लांडग्यात साधारण 40 ते 45 अंशांचा कोन करते, कुत्र्यात 53 ते 60. त्यामुळे लांडग्याचा डोळा तिरका, बाहेरचा कोपरा चढलेला दिसतो. कुत्र्याचा डोळा गोल आणि समोर पाहणारा. या मुठीवर डोळा आडवा आहे, त्यात आतल्या भुवईचं टोक वर उचललंय. ती उचललेली भुवई म्हणजे कुत्र्याची ओळख: भुवईचं आतलं टोक वर ओढणारा स्नायू कुत्र्यात नीट वाढलेला असतो, लांडग्यात जवळजवळ नसतोच. ते एक टोक चढवलंत की जनावर लाडात येऊन भाकरी मागायला लागतं.

पुढची चूक कपाळाची. कुत्र्याचं कपाळ आणि मुस्कट जिथे मिळतात तिथे ठळक पायरी असते, लांडग्यात तो उतार लांब आणि सपाट. कान शेफर्डसारखे उंच आणि टोकदार काढू नका. उत्तरेकडच्या लांडग्याचे कान छोटे, टोकाला गोलसर आणि एकमेकांपासून लांब असतात. पूर्ण जनावर काढणार असाल तर छाती अरुंद, कोपरं आत वळलेली, पाय लांब, पंजे मोठे आणि शेपूट सरळ खाली. वर वळलेली शेपूट आली की बाकीची मेहनत वाया.

गिऱ्हाईक निळे डोळे मागतं. देऊ नका. निळे डोळे पिल्लांचे असतात, मोठ्या लांडग्याचे पिवळसर किंवा तपकिरी. बाहुली गोल ठेवा, उभी चीर खोकडाची. दात विचकलेलाच हवा असेल तर नुसतं तोंड उघडून भागत नाही: वरचा ओठ चढला की नाकामागे कातडीला घड्या पडतात आणि डोळे बारीक होतात. त्या घड्या नसल्या तर जनावर नुसतं धापा टाकताना दिसतं.

आता केसांकडे येऊ, पण हिशेबाने. 25 सेंटिमीटरचं डोकं 18 मिलिमीटरात आणलं म्हणजे सगळं सुमारे 14 पटींनी आक्रसलं. डोळा दीड ते दोन मिलिमीटर, मानेचा 7 सेंटिमीटरचा केस 5 मिलिमीटर, मुस्कटावरचा 1 सेंटिमीटरचा केस पाऊण मिलिमीटरहूनही कमी. खऱ्या केसाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर; ती 14 ने भागून कोरता येणार नाही. तुमचं सगळ्यात बारीक टिंबसुद्धा कितीतरी केस गिळतं. म्हणून केस काढायचा नसतो, केसांच्या झुबक्यांमधली सावली काढायची असते. हाड पांढरं आहे, न कोरलेला भाग हाच केस. नाकापासून मागे जाणारी केसांची दिशा आधी पेन्सिलीने बाणांनी आखून घ्या, गालावर ती खाली वळते. रेघ मुळाशी खोल, टोकाला सुई उचलत न्या.

क्रम असा: हाड 2000 नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत घासून चकचकीत करा, मग मेणाचा पातळ हात. हाडाला बारीक छिद्रं असतात. मेण नसलं तर शाई आत शिरते आणि राखाडी डाग बसतो. डोळा सर्वांत आधी कोरा, बिघडला तर तिथेच घासून पुन्हा सुरुवात करता येते. डोळ्यातली चमक कोरी सोडा, पुन्हा पांढरी करता येत नाही. शाई लावून लगेच पुसा, हलक्या छटेपासून गडदकडे जा. एकदम काळं केलंत तर मागे फिरायला 2000 चा पेपर आणि आसपासच्या टिंबांचा बळी, एवढाच रस्ता उरतो.

कुत्रा काढत असाल तर जात ठरवून काढा. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल त्रोंपियात शिकारी बंदुकांवर पोलादात टिंबांनी चित्र कोरायची कला वाढली, तिथे सेटर आणि पॉइंटर या शिकारी कुत्र्यांच्या जाती वेगळ्या ओळखू येतात कारण छाती, कान आणि ओठाची लोंबण आधी ठरलेली असते. तेच काम आज चाकूच्या बोल्स्टरवरही, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या धातूच्या तुकड्यावरही, होतं.

एक राहिलंच. वर लिहिलेले कान आणि मानेचे दाट झुबके उत्तरेकडच्या लांडग्याचे. सासवड किंवा नान्नजच्या माळावरचा आपला लांडगा सडपातळ, आखूड केसांचा, राखाडी-तपकिरी. त्याला बर्फातली आयाळ चढवू नका. धनगराला दाखवलीत तर तो ओळखणार नाही. हाड घासताना मास्क लावा, भुकटी छातीत जाते. सांबरशिंग किंवा हस्तिदंत कुणी देऊ केलं तर घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात सापडाल.

सुई म्हणाल तर साधी शिवणाची, पिन व्हाइसमध्ये (सुई घट्ट धरणाऱ्या बारीक दांड्यात) पकडलेली, टोक तेलदगडावर फिरवत गोल शंकूसारखं केलेलं. चपटं टोक टिंबाऐवजी चीर पाडतं. 10 पटींच्या भिंगाखाली टोक बघा, बोथट चकाकी दिसली की लगेच दगडावर.