वहीत १,४०० शब्द, तरी तोंडात एकही नाही

"मॅडम, मी कळव्याला राहते. शाळा मराठी माध्यमाची, आता टीवायबीकॉमला आहे. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेसाठी पाच महिने रोज दहा इंग्रजी शब्द आणि समोर मराठी अर्थ असं वहीत लिहून पाठ करते. १,४०० झाले. गेल्या महिन्यात ऐरोलीच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. त्यांनी इंग्रजीत विचारलं, इथवर कशा आलात? मी 'बाय ट्रेन' म्हटलं आणि गप्प बसले. पुढे काही सुचेचना. आई म्हणते, नौपाड्यात तीन महिन्यांचा क्लास आहे, फी १८ हजार, तो लाव. लावू का? वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवत आहे."

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. क्लास आत्ता नको. पैसे वाया जातील म्हणून नव्हे, तर क्लासमध्येही तू हीच वही पुढे लिहीत बसशील म्हणून.

तुझे फोटो मी मोठे करून पाहिले. अक्षर सुरेख आहे. पण सगळी वही अशी आहे: 'सँक्शन – मंजुरी', 'कॉज – कारण', 'डिमांड – मागणी'. डावीकडे एक शब्द, उजवीकडे एक शब्द, मध्ये रेघ. ती रेघच तुला फसवते आहे. बँकेने लोन सँक्शन केलं म्हणजे मंजूर केलं, हे बरोबर. पण एका देशाने दुसऱ्या देशावर सँक्शन्स लावल्या असं उताऱ्यात आलं, तर तिथे मंजुरीचा संबंध नाही. ते निर्बंध आहेत, म्हणजे जवळजवळ उलटा अर्थ. क्लार्कच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. त्यातला मोठा भाग उतारा, गाळलेल्या जागा आणि वाक्यातली चूक ओळखणं हाच असतो. सुटा शब्द तिथे फारसा भेटतच नाही.

'डिमांड'ची गोष्ट तर माझ्यावरच बेतली आहे. मीही मराठी माध्यमाची. पहिल्या नोकरीत, बेलापूरच्या एका ऑफिसात, मला दोन दिवसांची रजा हवी होती. मराठीत आपण रजेची मागणी करतो, म्हणून अर्जात सरळ लिहिलं, 'आय डिमांड टू डेज लीव्ह'. हेडक्लार्कनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "बाई, ही रजा आहे की मोर्चा?" शब्दाचा अर्थ मला पक्का पाठ होता, वीस मार्कांना वीस मिळाले असते. तो शब्द कोण, कुणाशी, कुठल्या आवाजात बोलतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. 'रिक्वेस्ट' लिहायचं होतं.

आता तुझ्याच पत्रातलं क्रियापद घे. तू क्लास लावणार, आई दिवा लावते, बाबा दार लावतात, मावशी कुंडीत तुळस लावते, भाऊ फोन लावतो, आजी गुडघ्याला तेल लावते. आपलं एकच 'लावणे'. इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी वेगळं: जॉइन, लाइट, क्लोज, प्लांट, कॉल, अप्लाय. आता 'अप्लाय – लावणे' असं वहीत लिहून कुणी दार अप्लाय केलं, तर दोष त्या मुलीचा नाही, वहीचा आहे.

मराठीत हे सगळं तुला न शिकता येतं. पाऊस मुसळधार, ऊन रणरणतं, भूक सपाटून. 'मुसळधार भूक' तुझ्या तोंडून चुकूनही येणार नाही, कारण तू हे शब्द जोडीने ऐकलेस, यादीत नाही. इंग्रजीचे शब्दही जोडीनेच उचलायचे. पाऊस 'हेवी', 'स्ट्राँग' नव्हे. चहा मात्र 'स्ट्राँग'. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात. याला फार कारणं शोधू नकोस, सपाटूनचं तरी कुठे माहीत आहे?

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. तो अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा आणि किती विसरलो ते मोजायचा. एका दिवसात घोकंपट्टीचा जेमतेम एक तृतीयांश फायदा शिल्लक राहायचा. एवढं बहुतेक क्लासवाले सांगतात. ते सांगत नाहीत ते पुढचं: त्यानेच बायरनच्या कवितेची कडवीही पाठ केली आणि त्यांना निरर्थक अक्षरांच्या साधारण एक दशांश कष्ट पुरले. तुझ्या वहीतले शब्द वाक्याबाहेर काढले की त्या अक्षरांच्या बरेच जवळ जातात. स्मरणशक्ती कमी आहे असं मनात असेल, तर ते खोडून टाक.

मग वाक्यं कुठून आणायची? रोज कानावर पडतात. ठाणे स्टेशनवर गाडी उशिरा असली की आधी मराठीत ऐकू येतं, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आणि मग हिंदीनंतर तेच इंग्रजीत: 'द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड'. अर्थासकट वाक्य, तेही फुकट. (गाडी लेट झाल्याचा एवढा तरी उपयोग.) त्यात दोन जोड्या आहेत. 'रिग्रेट'बरोबर 'डीपली'. आणि 'इनकन्व्हिनियन्स'बरोबर 'कॉज'. आता 'कॉज'कडे जरा नीट बघ. डिले, डॅमेज, ट्रबल, अ‍ॅक्सिडेंट, त्याच्या शेजारी बहुतेक वाईटच येऊन बसतं. आपल्या 'पायी'सारखं. दारूपायी घर गेलं म्हणतो, अभ्यासापायी पहिली आली असं कुणी म्हणत नाही. 'कॉज – कारण' या नोंदीत हे कुठेच दिसत नाही.

वही फेकू नकोस, उलटी कर. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्यावर इंग्रजी वाक्य, सुटा शब्द कुठेच नाही. रोज दहाऐवजी तीन. उजवं पान झाकायचं, डावं वाचून इंग्रजी मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. अडखळलीस तर ते वाक्य परत पहिल्या दिवसावर.

वाक्य स्वतःचं हवं, पण पहिल्या झटक्यात स्वतःचं करू नकोस, नाहीतर माझा रजेचा अर्ज होतो. शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी उघड, ऑक्सफर्ड, लाँगमन किंवा केंब्रिजची. मोबाईलवर फुकट आहेत. घाबरू नकोस. १९७८ साली आलेल्या लाँगमनच्या अशा डिक्शनरीत सगळे अर्थ सुमारे २,००० साध्या शब्दांतच सांगितले होते, आणि त्यातले बरेचसे तुला शाळेतच येऊन गेले आहेत. अर्थाच्या आधी उदाहरणाचं वाक्य वाच. ते जसंच्या तसं उतर आणि मग त्यातले फक्त दोन शब्द बदल. 'द स्ट्राइक कॉज्ड अ लॉट ऑफ इनकन्व्हिनियन्स टू पॅसेंजर्स' हे नमुन्याचं वाक्य. तुझं होईल, 'द पॉवर कट कॉज्ड अ लॉट ऑफ इनकन्व्हिनियन्स टू माय मदर'. व्याकरण डिक्शनरीचं, वीज तुमच्या घरातली गेलेली.

इंटरव्ह्यूचा तो प्रश्न. तुला हवं होतं ते एवढंच: 'आय टुक अ लोकल टू ठाणे अँड चेंज्ड ट्रेन्स फॉर ऐरोली. इट वॉज क्राउडेड, बट आय गॉट हिअर ऑन टाइम.' यातला एकही शब्द तुझ्या १,४०० मध्ये नसेल, कारण तू त्यांना सोपे म्हणून सोडून दिलंस. टेक, गेट, मेक, चेंज यांच्यावर पहिला महिना घालव. वहीतले 'ओमिनस' आणि 'लूक्रेटिव्ह' उताऱ्यात ओळखता आले तरी पुष्कळ आहे, बोलताना काढायची गरज नाही.

उच्चाराची काळजी आत्ता करू नकोस. डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून वाक्याबरोबर ऐकत जा. आणि क्लार्कच्या भरतीत ज्या राज्यातून अर्ज करतेस तिथली भाषा यावीच लागते, म्हणजे मराठी माध्यमाचं ओझं वाटत असेल तर निदान तिथे ते तुझ्या बाजूचं आहे.

आईला सांग, १८ हजार तीन महिने राहू देत. आणि मला पुढच्या रविवारपर्यंत फक्त 'टेक'ची दहा वाक्यं पाठव. सगळी कळवा ते ऐरोली या प्रवासातलीच हवीत.