चौदा गेजचं हेल्मेट आणि कार्डावरचे पन्नास पौंड

लीड्सहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. मूळचे साताऱ्याचे, नोकरी आयटीत, आणि सुट्टीच्या दिवशी व्हायकिंग काळातल्या लढाया उभ्या करणाऱ्या एका गटात चिलखत घालून उतरतात. त्यांनी एका ब्रिटिश दुकानाच्या वेबसाइटवरून ग्येर्मुनबू पद्धतीच्या हेल्मेटची प्रतिकृती मागवली. नॉर्वेत १९४३ साली सापडलेलं, दहाव्या शतकातलं, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी असलेलं हे हेल्मेट. जाहिरातीत लिहिलं होतं ‘लढाईयोग्य, १४ गेज पोलाद’, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाड पत्रा. किंमत २४० पौंड. १० नोव्हेंबरला खोकं घरी आलं. हंगाम संपला होता म्हणून ते तसंच माळ्यावर गेलं. मार्चच्या शेवटी गटाच्या तपासणीत सुरक्षा पाहणाऱ्या माणसाने जाडी मोजायचा कॅलिपर लावला, तर पत्रा १.२ मिलिमीटर! हे घालून मैदानात येऊ देणार नाही, असं त्याने सांगितलं. दुकान ईमेलला उत्तर देत नाही. बँक म्हणते, १२० दिवस उलटून गेले. ‘आता काही होईल का, की पैसे बुडाले समजू?’ असा प्रश्न.

हेल्मेटच्या जागी सोफा घाला, लॅपटॉप घाला, लग्नाचा शालू घाला, हेच पत्र मला नेहमी येतं. माल खराब निघाला तर ग्राहकाला हक्क असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते पुन्हा सांगत बसत नाही.

तुमच्या पत्रात कामाची ओळ एकच आहे, आणि ती तुम्ही जाता जाता कंसात टाकली आहे: बुकिंगचे ५० पौंड क्रेडिट कार्डाने भरले, उरलेले १९० बँक ट्रान्सफरने, कारण तसं केलं तर दुकान पोस्टेज घेणार नव्हतं. अनोळखी दुकानाला पोस्टेज वाचवण्यासाठी सरळ खात्यात पैसे पाठवणं म्हणजे काय, यावर मी बोलत नाही. पण ते पन्नास पौंड कार्डावर गेले, हे तुमचं नशीब.

कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४ चं कलम ७५ म्हणतं की क्रेडिट कार्डाने खरेदी केली आणि विक्रेत्याने खोटं सांगितलं किंवा करार मोडला, तर जो दावा विक्रेत्यावर चालतो तोच कार्ड देणाऱ्या बँकेवरही चालतो. वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असली की झालं. बघायची ती वस्तूची किंमत, कार्डावर किती भरले ते नव्हे. तुम्ही ५० भरले, दुसऱ्या कुणी ५ भरले असते, तरी बँक पूर्ण व्यवहाराला बांधील. दुकान गप्प बसलं, उद्या बंद पडलं, तरी बँक जाग्यावर आहे. आधी दुकानाच्या मागे धावा आणि मग आमच्याकडे या, असंही बँकेला म्हणता येत नाही.

मग ते १२० दिवस कुठून आले? ते चार्जबॅकचे. चार्जबॅक हा कार्डावर भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा, व्हिसा-मास्टरकार्ड यांच्या नियमांतला मार्ग आहे, कायदा नव्हे, आणि त्याची मुदत साधारण तेवढीच असते. फोनवरच्या मुलाने तुम्हाला त्या रांगेत उभं केलं, रांग संपली म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. कलम ७५ च्या दाव्याला इंग्लंडमध्ये करारभंगाची नेहमीची सहा वर्षांची मुदत आहे. तेव्हा पुन्हा फोन करू नका. लेखी तक्रार करा आणि पहिल्याच ओळीत ‘कलम ७५ खाली दावा’ असे शब्द घाला. बँकेला अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे मिळतात. नकार आला किंवा आठवडे नुसतेच सरले, तर फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिस या बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे जा. फी नाही. अंतिम उत्तर हातात पडल्यापासून सहा महिन्यांच्या आत मात्र जायला हवं, आणि ही मुदत तरी माळ्यावर ठेवू नका.

दावा कशावर उभा करायचा? ‘१४ गेज’ या दोन शब्दांवर, बाकी कशावर नाही. ब्रिटिश मापात १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १.२. अमेरिकी तक्ता धरला तरी १४ गेज १.९ च्या आसपासच येतं. कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ प्रमाणे माल वर्णनाबरहुकूम असावा लागतो. नियम-अटींत खाली बारीक अक्षरांत ‘शोभेची वस्तू, लढाईसाठी नाही’ असं लिहिलंय म्हणून तुम्ही घाबरला आहात. त्या वाक्याने ‘लढाईयोग्य’ हा मुद्दा थोडा डळमळीत होऊ शकतो, ते मी नाकारत नाही. पण जाडीबद्दल जे लिहिलं ते अशा अटीने पुसून टाकता येत नाही.

इथे विक्रेता एक पळवाट काढील, आणि ती अगदी खोटी नाही. पत्रा ठोकून गोलाई देताना तो ताणला जातो, डोक्याच्या उंचवट्यावर पातळ होतो. म्हणून नुसत्या माथ्यावरचं माप पुरावा म्हणून पाठवू नका. कपाळावरून फिरणारी पट्टी फारशी ठोकलेली नसते, तिथे मोजा. पत्र्यांच्या खालच्या कडा मोजा. कॅलिपरचा आकडा वाचता येईल असे फोटो काढा आणि तपासणाऱ्या माणसाकडून चार ओळी लेखी घ्या. कडेलाही १.२ भरलं तर मूळ पत्राच पातळ होता. चार महिने माळ्यावर राहून पोलाद झिजत नाही, त्यामुळे उशिराचा फटका इथे तुम्हाला बसणार नाही. गंजाचं तेवढं बोलू नका. तेल न लावता हिवाळाभर खोक्यात ठेवलेल्या हेल्मेटच्या गंजाची तक्रार केली, तर पुढचा माणूस खऱ्या मुद्द्याकडेही संशयाने बघतो.

उशिराचा फटका बसला तो दुसरीकडे. माल परत, पैसे परत, चर्चा नाही, हा सरळ मार्ग मिळाल्यापासून ३० दिवसांचा असतो, आणि त्या दिवसांत तुम्ही खोकंसुद्धा उघडलं नाही. आता विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदली मालाची एक संधी द्यावी लागते. पातळ हेल्मेट दुरुस्त करून जाड होत नाही, म्हणजे बदलीच. ती वाजवी वेळात मिळाली नाही, तर हेल्मेट नाकारून पैसे मागता येतात किंवा ठेवून घेऊन किंमत कमी करून घेता येते. हे नाकारणं मिळाल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे १० मेच्या आत झालं, तर वापरापोटी कपात करता येत नाही. म्हणून दुकानाला आजच ईमेल करा: १४ दिवसांत १४ गेजचं दुसरं हेल्मेट द्या, नाहीतर हे नाकारलं असं समजा आणि २४० पौंड परत करा. उत्तर येणार नाही, हे मलाही माहीत आहे. ती प्रत बँकेला जोडायला हवी आहे.

पूर्ण पैसे मिळतीलच असं मी लिहून देणार नाही. बँका पुष्कळदा अर्ध्यावर तोडगा सुचवतात. तो आला तर ऑम्बुड्समनचा विचार करूनच हो म्हणा. कोर्टात स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचा रस्ता आहे, पण २४० पौंडांसाठी वर्षभर तारखेची वाट बघायची, आणि शेवटी हुकूमनामा कुणाविरुद्ध, तर गुंडाळत आलेल्या कंपनीविरुद्ध. एक मात्र करा. कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर या दुकानाचं नाव टाकून पाहा. कंपनी नोंदणीतून काढून टाकण्याची सूचना लागली असेल, तर घेणेकरी म्हणून हरकत घेता येते.

मूळ हेल्मेटशी नक्षी आणि रिव्हेट जुळत नाहीत, ही तुमची दुसरी तक्रार मी तरी करणार नाही. मूळ हेल्मेट तुकड्यांत सापडलं, त्यामुळे प्रत्येक कारागीर उरलेलं अंदाजाने भरतो. ‘तंतोतंत प्रतिकृती’ असा दावा जाहिरातीत असेल तर गोष्ट वेगळी. आणि हेल्मेट ‘१४ गेज’ म्हणूनच ऑनलाइन विकून टाकायचा विचार सोडा. आता तुम्हाला जाडी माहीत आहे, तेव्हा खोट्या वर्णनाबद्दल उद्या तुमच्यावर दावा येईल. शिवाय पुरावाही हातचा जाईल.

त्याच दुकानातून वेगळी घेतलेली मानेची कड्यांची जाळी ७५ पौंडांची. तिच्यावर स्वतंत्र किंमत लावलेली असल्याने ती कलम ७५ मध्ये बसत नाही. बिलात दोन्ही मिळून एकच संच दाखवला असेल तर थोडा वाद घालता येईल, म्हणून बिल पाठवा.

ज्यांनी ब्रिटिश क्रेडिट कार्डाने थेट देहरादून किंवा मेरठच्या कारखान्यातून असा माल मागवला, त्यांनाही कलम ७५ लागू आहे. परदेशातल्या खरेदीचा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, २००७ मध्येच निकालात काढला. डेबिट कार्डाला ते लागू नाही. मध्ये पेपालसारखी कंपनी असेल तर उत्तर व्यवहार कसा झाला त्यावर अवलंबून राहतं. पुण्या-मुंबईत भारतीय कार्डावर खरेदी करणाऱ्यांना हे कलम नाहीच. त्यांचा रस्ता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा: तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, पण दोन वर्षांच्या आत.