सीडी४ कमी असताना डोळ्यापुढे ठिपके: सीएमव्ही रेटिनायटिसची तपासणी आणि उपचार

तुमच्या धाकट्या भावाची सीडी४ संख्या (प्रतिकारशक्तीच्या पेशींची रक्तातील संख्या) ३८ आहे, एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, नुकतीच सुरू झाली आहे, उजव्या डोळ्यापुढे आठवडाभर काळे ठिपके तरंगत आहेत, आणि डोळा लाल नाही, दुखतही नाही म्हणून डॉक्टरांनी थेंब देऊन पुढच्या महिन्यात बोलावले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की महिनाभर थांबू नये. एक-दोन दिवसांत रेटिना तज्ज्ञांना गाठून, बाहुली मोठी करणारे औषध घालून दोन्ही डोळ्यांचे आतले पडदे (रेटिना) अगदी कडेपर्यंत तपासून घ्यावेत आणि सीडी४चा कागद त्यांना आधीच दाखवावा.

एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने झालेले दिसले आहे, की डोळा दुखत नाही म्हणजे आजार किरकोळ असावा. पडद्याला वेदना कळत नाही, आणि संसर्ग कडेला असेल तर नजरही बराच काळ चांगली राहते. सीडी४ ५०च्या खाली असताना असे ठिपके, चमका किंवा धूसरपणा जाणवला तर सर्वांत आधी सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, या विषाणूमुळे पडद्याला होणाऱ्या संसर्गाचा (रेटिनायटिसचा) विचार करावा लागतो. हा विषाणू आपल्याकडील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात लहानपणापासूनच सुप्तावस्थेत असतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की जागा होतो. त्यामुळे भावाने तो अलीकडे कोणाकडून घेतला, असे घरात कोणी समजू नये. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनाही हाच आजार होऊ शकतो.

अनुभवी तज्ज्ञ बहुतेक वेळा पडदा पाहूनच निदान करतात, कारण रक्तस्रावासह पसरत जाणारे पांढरट-पिवळसर चट्टे ओळखता येतात. शंका राहिली तर डोळ्याच्या आतील पाण्याचा थेंब काढून पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करतात. ही शंका फेडणे गरजेचे असते, कारण नागिणीचा विषाणू याच अवस्थेत काही दिवसांत पडदा नष्ट करू शकतो, टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग आणि सिफिलिसही असेच दिसू शकतात, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. निदान होण्याआधी केवळ सूज समजून स्टिरॉइड सुरू करू नये. संसर्ग त्याने बळावू शकतो.

उपचाराचा कणा गॅन्सिक्लोव्हिर हे औषध आहे. त्याचेच तोंडाने घेण्याचे रूप म्हणजे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर. मूत्रपिंडे नीट असतील तर सामान्यतः ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत, २१ दिवस आणि नंतर दिवसातून एकदा देतात. चट्टा नजरेच्या केंद्राजवळ असेल तर सुरुवातीला डोळ्यात इंजेक्शनही देतात. या इंजेक्शनची भीती मी समजू शकतो, पण ते डोळा बधिर करून देतात आणि औषध थेट जागेवर पोहोचते. मात्र दुसऱ्या डोळ्याचे आणि आतड्यांसारख्या इतर अवयवांचे रक्षण गोळ्यांनीच होते. या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्ततपासणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) वारंवार करावे लागते. एआरटीत झिडोव्युडिन असेल तर ते आवर्जून सांगा, कारण दोन्ही औषधे अस्थिमज्जेवर ताण आणतात.

गेलेली नजर परत येईल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर कठीण आहे. जळालेला पडदा पुन्हा तयार होत नाही. उपचार उरलेला वाचवतो, आणि म्हणूनच मी घाई करायला सांगतो आहे. चट्टा बरा झाल्यावरही तिथला पडदा विरळ राहतो व फाटू शकतो. ठिपके एकदम वाढले किंवा कडेने खिडकीचा पडदा ओढल्यासारखी सावली आली तर त्याच दिवशी तपासणी आणि बहुधा शस्त्रक्रियाही लागते. एकेक डोळा झाकून रोज सकाळी भिंतीवरचे कॅलेंडर वाचायची सवय त्याला लावा.

एआरटी मात्र स्वतःहून बंद करू नका. ती नुकतीच सुरू असल्याने प्रतिकारशक्ती परतताना डोळ्यात सूज येऊन नजर धूसर होऊ शकते. ते एआरटी निरुपयोगी असल्याचे लक्षण नव्हे, आणि त्यावर तज्ज्ञ वेगळा उपचार करतात. सीडी४ १००च्या वर जाऊन तीन ते सहा महिने टिकले आणि चट्टे शांत असले, तरच रेटिना तज्ज्ञ व एआरटी डॉक्टर मिळून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर थांबवतात. त्यानंतरही साधारण दर तीन महिन्यांनी पडदा दाखवत राहावे लागते.