ब्राउझरला चालतं, मग इंटिग्रेशनला का नाही? टीएलएस जोडण्यांवर वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच जागी अडलेले आहेत. दोन प्रणाली एचटीटीपीएसवर, म्हणजे टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीने, बोलायला बसतात आणि हँडशेकमध्येच, म्हणजे ओळख पटवण्याच्या पहिल्या टप्प्यातच, बोलणी फिसकटतात. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण त्याचं चुकीचं उत्तर सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात घातकही.

प्रश्न : भागीदार कंपनीची एपीआय आमच्या इंटिग्रेशन प्लॅटफॉर्मवरून (वेगवेगळ्या प्रणाली जोडणारं सॉफ्टवेअर) कॉल केली की 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' अशी एरर येते. तोच पत्ता ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडतो. कनेक्टरमधला 'इनसिक्युअर' पर्याय चालू केला की काम होतं. सहकारी म्हणतात, राहू दे तसंच. चालेल का?

नाही चालणार. तो पर्याय चालू केल्यावर एन्क्रिप्शन राहतं, पण समोर कोण आहे हे तपासणं थांबतं. पाकिटावर लाखेची मोहर आहे, पण ते कुणाच्या हाती दिलं हे पाहिलंच नाही, असा तो प्रकार. मध्ये बसलेल्या कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) पुढे केलं तर तुमचा फ्लो ते मुकाट्याने स्वीकारेल आणि टोकन, पासवर्ड, ग्राहकांचा डेटा त्याच्या स्वाधीन करेल. शिवाय 'टेस्टिंगपुरतं' म्हणून केलेला हा बदल कॉन्फिगरेशन फाइलबरोबर प्रॉडक्शनला कधी पोचतो, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मूळ कारण. या एररचा अर्थ, समोरच्या सर्टिफिकेटपासून मधल्या इंटरमीडिएटमार्गे विश्वासातल्या रूट सीएपर्यंतची साखळी (चेन) जुळली नाही. सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था. इंटिग्रेशनची बरीचशी उत्पादनं जावावर चालतात. टीएलएसच्या सेटिंगला म्यूलसॉफ्टमध्ये 'टीएलएस कॉन्टेक्स्ट' म्हणतात, अपाचे कॅमलमध्ये 'एसएसएल कॉन्टेक्स्ट पॅरामीटर्स'. नावं वेगळी, आत यंत्रणा जावाचीच. जावा स्वतःच्या 'सीएसर्ट्स' या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासातल्या सीएंच्या यादीच्या फाइलमध्ये) पाहते. तुमचा ब्राउझर कुणावर विश्वास ठेवतो याच्याशी तिचा संबंध नसतो. दुसरा फरक जास्त फसवा आहे. सर्व्हरने स्वतःच्या सर्टिफिकेटबरोबर इंटरमीडिएट सर्टिफिकेटही पाठवायचं असतं. ते विसरलं, तर ब्राउझर अनेकदा आधी साठवलेलं वापरतो किंवा सर्टिफिकेटमध्ये दिलेल्या पत्त्यावरून ओढून आणतो. जावा हे आपणहून करत नाही. म्हणून एकाला चालतं, दुसऱ्याला नाही.

अंदाज बांधत बसू नका. ओपनएसएसएल या टीएलएसच्या साधनाची 'एस-क्लायंट' कमांड 'शोसर्ट्स' आणि 'सर्व्हरनेम' हे दोन्ही पर्याय देऊन चालवा, आणि ती प्लॅटफॉर्म ज्या मशीनवर चालतो तिथूनच चालवा. तुमच्या लॅपटॉपचा रस्ता वेगळा असू शकतो. चेनमध्ये एकच सर्टिफिकेट आलं, तर चूक बहुधा समोरच्याची आहे. ते आउटपुट जसंच्या तसं त्यांना पाठवा आणि पूर्ण चेन लावायला सांगा. 'इश्युअर'च्या जागी तुमच्याच संस्थेचं नाव दिसलं, तर मध्ये ट्रॅफिक तपासणारा प्रॉक्सी आहे. मग त्याचं रूट सर्टिफिकेट सुरक्षा विभागाकडून मागून घ्या, फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटची छोटी ओळखखूण) पडताळा आणि ट्रस्टस्टोअरमध्ये घाला.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला : समोरच्या सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट इंपोर्ट करून मोकळं होऊ नका. ते आज चालेल आणि त्यांनी नूतनीकरण केलं त्या दिवशी बंद पडेल. इंपोर्ट करायचंच तर रूट किंवा इंटरमीडिएट करा. दुसरा : 'जावाएक्स डॉट नेट डॉट एसएसएल डॉट ट्रस्टस्टोअर' ही प्रॉपर्टी दिली की जावा सीएसर्ट्समध्ये भर घालत नाही, सीएसर्ट्स बाजूलाच ठेवते आणि फक्त तुम्ही दिलेली फाइल वाचते. एका भागीदारासाठी ही प्रॉपर्टी लावली आणि बाकी सगळ्या जोडण्या तुटल्या, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. शक्य असेल तिथे ट्रस्टस्टोअर त्या एका जोडणीपुरतंच लावा.

प्रश्न : कीस्टोअर आणि ट्रस्टस्टोअर एकाच फाइलमध्ये ठेवले तर?

तांत्रिकदृष्ट्या चालतं, पण करू नका. कीस्टोअरमध्ये 'मी कोण' याचा पुरावा असतो, म्हणजे तुमची प्रायव्हेट की, सर्टिफिकेट तुमचंच आहे हे सिद्ध करणारी गुप्त किल्ली. ट्रस्टस्टोअरमध्ये 'मी कुणाला मानतो' त्यांची यादी असते. यादी चार जणांना दाखवायला हरकत नाही. प्रायव्हेट की दाखवायला मात्र आहे. आणखी एक : जुन्या जेकेएस फाइलला (जावाचा जुना कीस्टोअर प्रकार) दोन पासवर्ड असू शकतात, एक स्टोअरचा आणि एक कीचा. 'कॅनॉट रिकव्हर की' ही एरर आली, तर बहुधा दुसरा पासवर्ड चुकला आहे. जावा ९पासून पीकेसीएस१२ हा कीस्टोअर फाइलचा डीफॉल्ट प्रकार आहे. नव्या कामाला तोच घ्या आणि दोन्ही पासवर्ड एकच ठेवा.

प्रश्न : भागीदाराने म्यूच्युअल टीएलएस (दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट दाखवणं) मागितलं. त्यांनी सही करून दिलेलं सर्टिफिकेट आम्ही कीस्टोअरमध्ये इंपोर्ट केलं. तरी त्यांचा सर्व्हर म्हणतो, क्लायंट सर्टिफिकेट आलंच नाही. आमच्या लॉगमध्ये तर हँडशेक पूर्ण झालेला दिसतो!

तुम्ही दोघंही खरं सांगत आहात, म्हणूनच या प्रकरणात आठवडे जातात.

आधी जावाबरोबर येणाऱ्या 'कीटूल'ची लिस्ट कमांड चालवा आणि तुमच्या एंट्रीचा प्रकार पाहा. 'ट्रस्टेडसर्टएंट्री' दिसत असेल, तर तिथे नुसतं सर्टिफिकेट आहे, प्रायव्हेट की नाही. ओळखपत्राची झेरॉक्स आहे, पण सही करणारा हात नाही. सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा विनंतीअर्ज) ज्या कीपासून बनवला, त्याच फाइलमधल्या त्याच एलियासवर (एंट्रीच्या नावावर) सही होऊन आलेलं सर्टिफिकेट चेनसकट इंपोर्ट करावं लागतं. तेव्हा 'प्रायव्हेटकीएंट्री' दिसते आणि चेनची लांबी एकापेक्षा जास्त असते. नवा एलियास देऊन इंपोर्ट करणं ही इथली नेहमीची चूक.

एंट्री बरोबर असूनही सर्टिफिकेट जात नसेल, तर पुढची पायरी. सर्व्हर क्लायंटकडे सर्टिफिकेट मागताना आपल्याला मान्य असलेल्या सीएंची यादी पाठवू शकतो. जावा त्या यादीशी जुळणारी चेन शोधते. नाही सापडली, तर काहीही तक्रार न करता रिकामा संदेश पाठवते. 'जावाएक्स डॉट नेट डॉट डीबग' ला 'एसएसएल, हँडशेक' ही किंमत देऊन ही यादी डोळ्यांनी वाचा. त्यात तुमचा इश्युअर नसेल, तर एक तर तुमच्या एंट्रीत इंटरमीडिएट नाही, किंवा त्यांच्या बाजूला तुमचा सीए जोडलेला नाही.

आणि हँडशेक पूर्ण का दिसतो? टीएलएस १.३मध्ये क्लायंट आपला शेवटचा संदेश पाठवून मोकळा होतो. सर्व्हर त्याचं सर्टिफिकेट त्यानंतर तपासतो. त्यामुळे नकार हँडशेकच्या वेळी न येता पहिलं उत्तर वाचताना येतो आणि लॉगमध्ये तो नेटवर्कचा बिघाड वाटतो. तपासणीपुरती ती जोडणी टीएलएस १.२वर नेली, तर एरर जागच्या जागी दिसते.

भागीदाराच्या बाजूला लोड बॅलन्सर (येणाऱ्या जोडण्या अनेक सर्व्हरांत वाटणारा) असेल, तर टीएलएस कुठे संपतं हेही विचारा. तिथेच संपत असेल, तर मागच्या सर्व्हरवर केलेली क्लायंट सर्टिफिकेटची सेटिंग्ज निरुपयोगी आहेत. शेवटचं : क्लायंट सर्टिफिकेट सार्वजनिक सीएकडून घेण्याची सवय आता सोडायला हवी. लेट्स एन्क्रिप्टसह सार्वजनिक सीए 'क्लायंट ऑथेंटिकेशन' हा उपयोग आपल्या सर्टिफिकेटांमधून काढून घेत आहेत. म्यूच्युअल टीएलएससाठी खासगी सीए हाच टिकणारा मार्ग आहे.

प्रश्न : पत्ता आयपीने दिला की 'नो सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम्स' अशी एरर येते. होस्टनेमची तपासणी बंद करू का?

नको. यूआरएलमध्ये नाव लिहा, तेही सर्टिफिकेटच्या 'सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम' या रकान्यात असलेलंच. सर्टिफिकेटच्या जुन्या 'कॉमन नेम' रकान्यावर विसंबण्याचे दिवस गेले. क्रोमने ते २०१७मध्येच सोडलं.

प्रश्न : जावा अद्ययावत केल्यावर एका जुन्या प्रणालीशी जोडणी तुटली. ती फक्त टीएलएस १.० जाणते. 'जावा डॉट सिक्युरिटी' फाइलमधून बंदी काढावी का?

टीएलएस १.० हे १९९९चं आहे. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने १.० आणि १.१ दोन्ही मार्च २०२१मध्ये अधिकृतपणे मोडीत काढले आणि एप्रिल २०२१च्या अद्यतनांपासून जावानेही ते डीफॉल्ट बंद केले. ती ओळ बदललीत तर बंदी एका जोडणीपुरती उठत नाही, त्या जेव्हीएममधल्या (जावाचे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) सगळ्या जोडण्यांसाठी उठते. पगार, बँक, ग्राहक, सगळ्यांसाठी. जुनी प्रणाली लगेच बदलणं अशक्य असेल, तर तिच्याजवळ, बंदिस्त नेटवर्कमध्ये, एक छोटा प्रॉक्सी ठेवा. तो तुमच्याशी १.२ किंवा १.३ बोलेल आणि तिच्याशी १.०. त्याला काढून टाकायची तारीख आणि जबाबदार माणूस पहिल्याच दिवशी लेखी ठरवा.

प्रश्न : सर्टिफिकेटची मुदत आता ४७ दिवसांवर येणार म्हणतात. आमच्याकडे पन्नासेक जोडण्या आहेत आणि नूतनीकरण हाताने होतं. तयारी कुठून सुरू करावी?

बातमी खरी आहे. सीए आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ला २००, १५ मार्च २०२७ला १०० आणि १५ मार्च २०२९ला ४७ दिवस अशी उतरते. तुमच्या अंतर्गत सीएला हा नियम लागू नाही.

सुरुवात यादीपासून करा, ऑटोमेशनपासून नाही. मी काम करत होतो त्या एका ठिकाणी वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर चोख नजर होती. कीस्टोअरमधल्या क्लायंट सर्टिफिकेटवर मात्र कुणाचीच नव्हती. ते शनिवारी रात्री संपलं, आणि त्याची आठवण करून देणारा मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात होता. सोमवारी सकाळी रांगेत दोन दिवसांचे संदेश तुंबलेले होते. म्हणून यादीत प्रत्येक कीस्टोअर आणि ट्रस्टस्टोअरमधली प्रत्येक एंट्री घ्या, आणि इशारे व्यक्तीला न पाठवता संघाच्या पत्त्यावर पाठवा. रूटही संपतात. ३० मे २०२० रोजी ॲडट्रस्ट या सीएचं जुनं रूट संपलं तेव्हा ब्राउझर सुखरूप होते. अडकली ती जुन्या ओपनएसएसएलवर चालणारी, माणसाविना बोलणारी सॉफ्टवेअर.

भागीदारांपैकी कुणी तुमचं नेमकं सर्टिफिकेट पिन करून (फक्त तेच मानायचं असं बांधून) ठेवलं आहे का, हे आत्ताच विचारा. ४७ दिवसांच्या जगात पिनिंग म्हणजे दर दीड महिन्याने ठरलेला बंद. त्यांना सीएवर विश्वास ठेवायला राजी करा. त्यानंतर एसीएमईसारखं (सर्टिफिकेट आपोआप मागवण्याची पद्धत) ऑटोमेशन आणा, पण तुमचा प्लॅटफॉर्म कीस्टोअर चालू असताना पुन्हा वाचतो की रीस्टार्ट लागतो, ते आधी चाचणी सर्व्हरवर पाहून ठेवा. बरेच प्लॅटफॉर्म फाइल सुरू होतानाच एकदा वाचतात. नवी फाइल ठेवल्यावर एस-क्लायंटने जोडा, आलेल्या सर्टिफिकेटचा सीरियल नंबर नव्या फाइलमधल्या नंबरशी जुळवा, आणि जुळल्यावरच यादीतली तारीख बदला.